बोरीच्या जाळ्यांची उभारणी आणि माळरानातील वन्यजीव : पाली (जि. बीड) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

बीड शहरातून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या महामार्गावर पाली हे गाव आहे. बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी बिंदुसरा नदी याच परिसरात अडविण्यात आली असून, १९५० च्या दशकात उभा राहिलेला हा प्रकल्प बीड शहराच्या पाणीपुरवठ्याच्या संदर्भात सर्वांना परिचित आहे. जलाशयाभोवतीच्या भूप्रदेशाचे स्वरूप मात्र फारसे अभ्यासले जात नाही. खोऱ्यात काळी जमीन आहे, चढावर मुरमाड माळ आहे आणि त्याहून वर खडकाळ, विरळ झुडपांचे डोंगर आहेत. वर्षाकाठी साधारण सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा, अशा या पट्ट्यात घनदाट अरण्य कधीच अपेक्षित नव्हते. येथील निसर्गाचे खरे रूप म्हणजे गवत आणि काटेरी झुडपे. या झुडपांत बोरीचे स्थान मोठे आहे.

रानप्लमच्या जाळ्या वन्यजीवांसाठी मुद्दाम लावण्याची पद्धत अमेरिकेच्या मध्यवर्ती गवताळ प्रदेशात रूढ आहे. बॉबव्हाइट हा तेथील लाव्याच्या जातीचा पक्षी अशा जाळ्यांच्या आश्रयाने राहतो. १९३४ ते १९४२ या काळात त्या प्रदेशात धुळीच्या वादळांना आवर घालण्यासाठी वृक्षपट्ट्यांची मोठी योजना राबविली गेली, तेव्हा पट्ट्याच्या कडेच्या ओळींत रानप्लमसारखी झुडपे लावण्यात आली होती. आपल्याकडे तो प्लम नाही, तथापि ज्या बोरीला इंग्रजी ग्रंथांत ‘इंडियन प्लम’ असेही म्हटले जाते, ती आपल्या बांधाबांधावर आहे. नात्याने ही दोन झाडे एकमेकांपासून दूरची आहेत. एक गुलाबाच्या कुळातील, तर दुसरे बोरीच्या स्वतंत्र कुळातील. परंतु माळावर त्यांचे कार्य जवळपास सारखे आहे. प्रस्तुत लेखात बोरीच्या जाळ्या वन्यजीवांचा अधिवास म्हणून कशा उभ्या करता येतील आणि त्या कोठे उभ्या करू नयेत, याचे विवेचन केले आहे.

वृक्षगणनेत न मावणारी जाळी

महाराष्ट्रात गेल्या काही दशकांत वृक्षलागवडीचे मोठे प्रयत्न झाले. १९८२ साली सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा अस्तित्वात आली. पुढे २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपे अशी राज्याची चढती उद्दिष्टे होती. बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर पालवण येथील डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने आकारास आलेली ‘सह्याद्री देवराई’ आणि तेथे १३ व १४ फेब्रुवारी २०२० रोजी भरलेले वृक्षसंमेलन यांमुळे झाडांविषयी लोकांमध्ये आस्था वाढली, ही निश्चितच समाधानाची बाब आहे.

तथापि या सर्व प्रयत्नांत मोजणीचे एकक ‘रोप’ हे राहिले. एक खड्डा, एक रोप, एक खांब असा हा हिशेब आहे. जाळी या हिशेबात बसत नाही. बोरीचे एक जुने खोड, त्याला तोडीनंतर फुटलेले दहा-बारा फुटवे, मुळांवरून वर आलेले धुमारे, त्यांत गुंतलेला एखादा वेल आणि खाली साचलेला पाला हे सर्व मिळून जाळी होते. कागदावर तिची नोंद ‘झुडपी’ किंवा ‘पडीक’ अशी होते आणि लागवडीची पूर्वतयारी म्हणून पहिली कुऱ्हाड तिच्यावरच पडते. म्हणजे वन्यजीवांसाठी झाडे लावताना त्यांचे आहे ते घर आधी मोडले जाते. बांधावरील बोरींचीही अशीच स्थिती आहे. यंत्राने बांध कोरून काही फूट जमीन वाढविण्याचा प्रघात सर्वत्र दिसतो, आणि त्या काही फुटांवरच बोराटी उभी असते.

म्हणून जाळीच्या उभारणीची पहिली पायरी पेरणी ही नसून, असलेली जाळी न तोडणे ही आहे. जुनी मुळे जमिनीत जिवंत असतील तर दोन-तीन वर्षांच्या राखणीने जे साध्य होते, ते नव्या लागवडीने आठ-दहा वर्षांतही साध्य होईलच असे नाही.

बोरीचे ऋतुचक्र आणि आश्रयास येणारे जीव

आपल्या भागात बोरीच्या अनेक जाती आढळतात. नेहमीची बोर, म्हणजे झिझिफस मॉरिशियाना, ही वाढू दिली तर मध्यम उंचीचे झाड होते आणि तोडत राहिले तर झुडूप होते. झिझिफस नुम्म्युलारिया ही रानबोर मुळातच बुटकी असून मुळांवरून धुमारे फोडून पसरते. डोंगरउतारावर घटबोरही असते. जाळीसाठी पहिल्या दोन जाती अधिक उपयुक्त ठरतात. बोरीच्या पेरावर बहुधा काट्यांची जोडी असते. त्यांपैकी एक काटा सरळ आणि दुसरा आकडीसारखा वाकलेला असतो. पाठलाग करणाऱ्या कुत्र्याला वा रानमांजराला ही जोडी अडविते, तर तितराला वा सशाला बुंध्याशी शिरण्यापुरती वाट मोकळी असते. जाळीचे सारे रहस्य या रचनेत आहे. वरून ती दाट, काटेरी असते. खाली वीतभर उंचीपर्यंत मोकळी असते.

ऋतुचक्राचा विचार केल्यास बोरीचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. उन्हाळ्यात ती पाने गाळते. पावसाच्या आगमनाबरोबर नवी पालवी येते आणि जाळी दाट होते. नेमक्या याच काळात लांडोर जमिनीवर, झुडपाच्या आडोशाला अंडी घालते. श्रावण-भाद्रपदात बोरीला बारीक, हिरवट-पिवळी फुले येतात आणि त्यांवर मधमाश्या, माश्या व गांधीलमाश्यांची गर्दी होते. पियरो गटातील ठिपक्यांच्या छोट्या फुलपाखरांच्या अळ्या बोरीचीच पाने खाऊन वाढतात. कार्तिकापासून माघापर्यंत फळे पिकतात. गवताचे बी संपत आलेले, पिकांची काढणी सुरू झालेली, अशा दिवसांत हे फळ बुलबुल, साळुंकी यांच्यापासून खोकड आणि कोल्ह्यापर्यंत अनेकांच्या उपयोगी पडते. कोल्हा हा केवळ मांसाहारी असल्याचा समज बोरांच्या दिवसांत त्याची विष्ठा पाहिली की दूर होतो. तीत आठळ्याच आठळ्या असतात.

तितर काटेरी झुडपांच्या कमी उंचीच्या फांद्यांवर रात्र काढतो. लाव्यांचा थवा झुडपाच्या तळाशी, एकमेकांना खेटून बसतो आणि चाहूल लागताच चारी दिशांना उधळतो. खाटीक पक्षी पकडलेले नाकतोडे व सरडे काट्याला टोचून ठेवतो. सातभाईंचे घरटे, मुंगसाची ये-जा, सशाची दुपारची बैठक हे सारे या जाळीभोवती घडते. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली मोरांसाठी सुमारे ३० चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले, तेही बालाघाटाच्या अशाच झुडपी डोंगरात. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. परंतु त्याच्या निवाऱ्याचे झुडूप मात्र ‘काट्या’ या नावाने चुलीत अथवा कुंपणात जाते.

एक उणीव येथे नोंदविणे आवश्यक आहे. चैत्र-वैशाखात, ज्या वेळी सावलीची गरज सर्वाधिक असते, त्या वेळी बोर निष्पर्ण असते. त्यामुळे केवळ बोरीची जाळी अपुरी ठरते. तिच्या जोडीला उन्हाळ्यातही हिरवी राहणारी हेंकळ आणि जेथे जमीन मानवेल तेथे करवंद असणे इष्ट होय.

जागेची निवड

प्रत्येक माळ जाळीसाठी योग्य नसतो. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथे माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. हा पक्षी मोकळ्या गवताळ प्रदेशात राहणारा असून चहूकडे दूरवर दिसणे ही त्याच्या सुरक्षिततेची अट आहे. अशा माळावर झाडे-झुडपे लावणे म्हणजे त्याचे घर बंद करणे होय. काळवीट, चंडोल, धाविक यांनाही मोकळे गवतच हवे असते. म्हणून सलग, चांगले गवताळ रान असेल तर तेथे बोर पेरू नये. कुसळी व पवन्या यांचे गवत वाढणारा माळ रिकामा नसतो, ही गोष्ट वृक्षारोपणाच्या उत्साहात वारंवार विसरली जाते.

पालीसारख्या परिसरात जाळीसाठी योग्य जागा म्हणजे ओढ्यांचे व घळींचे काठ, डोंगराच्या पायथ्याचा मुरमाड पट्टा, समतल चरांचे खालच्या बाजूचे भराव, जुन्या दगडी ताली आणि गायरानाचे कोपरे. जाळी शेत व गवत यांच्या सीमेवर असली तर तिचा उपयोग वाढतो, कारण लावा वा तितर चरण्यासाठी आश्रयापासून फार दूर जात नाही. जलाशयाच्या वरच्या अंगास ओढ्याकाठी उभी राहिलेली जाळी माती धरून ठेवते, हा आणखी एक लाभ. महामार्गाच्या कडेला मात्र ती करू नये. फळांच्या ओढीने आलेले कोल्हे, मुंगूस वाहनांखाली सापडण्याची भीती असते.

आकाराच्या बाबतीत अमेरिकेतील अनुभव मार्गदर्शक आहे. तेथे लाव्याच्या एका थव्यासाठी साधारण तीस फूट रुंद व पन्नास फूट लांब जाळी पुरेशी मानली जाते. एकच एकरभर जाळी करण्यापेक्षा अशा लहान जाळ्या गवतात बेटांसारख्या विखुरलेल्या असणे अधिक हितकारक होय.

पेरणीची पद्धत

बोरीचे सोटमूळ अतिशय वेगाने खोल जाते. पिशवीतील रोपाचे मूळ तळाशी वळते, लावताना दुखावते आणि मुरमाड जमिनीत असे रोप पहिल्या उन्हाळ्यातच दम सोडते. हा अनुभव मराठवाड्यातील फळबागायतदारांना नवा नाही. १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाल्यानंतर कोरडवाहू शेतकऱ्यांनी बोरीच्या बागा धरल्या, तेव्हा जागेवरच गावठी बोरीचे बी लावून नंतर त्यावर उमराणसारख्या जातीचा डोळा भरण्याची रीत रूढ झाली. जाळीसाठी तीच रीत वापरावयाची, फक्त डोळा भरावयाचा नाही.

बी त्याच शिवारातील, लहान फळांच्या, काटक बोरींचे असावे. बागेतील मोठ्या फळांचे बी घेऊ नये. मोठे फळ लहान पक्ष्यांच्या चोचीत मावत नाही. बी एकाच झाडाचे न घेता अनेक झाडांखालून वेचावे. पिकून गळलेली बोरे पाण्यात चोळून गर काढावा व आठळ्या सावलीत वाळवाव्यात. पेरणीपूर्वी त्या साधारण १७ ते १८ टक्के मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. तरंगणाऱ्या आठळ्या पोकळ असतात, त्या टाकून द्याव्यात. बुडालेल्या स्वच्छ पाण्याने धुऊन एक-दोन दिवस भिजवाव्यात. आठळीचे कवच कठीण असल्यामुळे ती तशीच पेरली तर उगवण तीन-चार आठवडे लांबते. हलक्या हाताने, आतील बी न चिरडता, कवच तडकविले तर आठवडाभरात अंकुर दिसू लागतो.

निसर्गात हेच काम जनावरे करतात. शेळ्या बोरे गिळतात आणि रात्री रवंथ करताना आठळ्या तोंडातून टाकतात. त्यामुळे हिवाळ्यात शेळ्यांच्या वाड्यात त्यांचा सडा पडलेला असतो. बी वेचण्याची इतकी सोपी जागा दुसरी नाही. आणि त्या निमित्ताने मेंढपाळ व शेळीपालक या कामात पहिल्या दिवसापासून सहभागी होतात, हे पुढील राखणीच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते.

मृगाचा पाऊस होऊन जमिनीत ओल उतरल्यावर पेरणी करावी. तीस बाय पन्नास फुटांच्या तुकड्यात चार-चार फुटांवर सुमारे शंभर जागा बसतात. प्रत्येक जागी दगडगोटे बाजूला करून माती भुसभुशीत करावी आणि दोन-तीन आठळ्या बोटाच्या एका पेराएवढ्या खोल टाकाव्यात. मधूनमधून हेंकळ व करवंद, तर कडेने तरवडाची ओळ असावी. तरवडाला जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे ही ओळ कोवळ्या बोरींना कुंपणाप्रमाणे उपयोगी पडते. तुकड्याभोवतीचे गवत काढू नये. लावे आणि त्यांची पिले त्या गवतातच चरतात.

राखण, छाटणी आणि चराई

बोरीचा कोवळा पाला शेळ्यांना अत्यंत प्रिय आहे. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक तुकड्याभोवती वाळलेल्या काट्यांचे कुंपण लागते. मात्र त्या काट्या जवळच्या जुन्या जाळीतून तोडून आणणे म्हणजे एक घर मोडून दुसरे बांधणे होय. वेड्या बाभळीच्या फांद्या या कामास उत्तम. वेडी बाभूळ ही परकी वनस्पती असली, तरी आज अनेक ठिकाणी पक्ष्यांना तिचाच आडोसा आहे. ती एकदम समूळ न काढता पट्ट्यापट्ट्याने काढावी आणि मागे बोर वाढत न्यावी.

तिसऱ्या वर्षी, चैत्र-वैशाखात पाने गळालेली असताना, बोरी गुडघ्याइतक्या उंचीवर छाटाव्यात. ही छाटणी टाळली तर बोरीचे झाड होते, खालचा भाग उघडा पडतो आणि जाळी तयार होत नाही. छाटल्यावर पावसात प्रत्येक खोडाला अनेक फुटवे येतात. पुढे दरवर्षी एखाद्याच तुकड्याची छाटणी करावी, म्हणजे बाकीच्यांत आश्रय कायम राहतो. छाटलेल्या काट्या शेताच्या कुंपणासाठी आणि ठरलेल्या दिवसांत पाला शेळ्यांसाठी देण्याची तरतूद गावाच्या ठरावात असावी. गायरानावर केवळ चराईबंदीचा फलक लावून जाळी टिकत नाही. शेळी हीच ज्या कुटुंबाची शिल्लक आहे, त्याला दुष्काळात त्या फलकाकडे पाहत बसणे शक्य नसते. २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांतील मराठवाड्याची अवस्था ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

शेतकऱ्यांच्या शंका

जाळी म्हटली की शेतकऱ्याला प्रथम रानडुक्कर आठवते, आणि ही शंका निराधार नाही. मोठ्या, सलग, दाट झुडपात रानडुकरे दिवसभर दडून राहतात व रात्री पिकात शिरतात. मोर आणि तितर पेरलेले बी उकरतात, हेही खरे. जाळी लहान व विखुरलेली ठेवण्याचे हे दुसरे, तितकेच सबळ कारण होय. भुईमुगासारख्या पिकांच्या अगदी लगत जाळी न करणे शहाणपणाचे ठरते. नुकसान झाल्यास वन विभागाच्या भरपाईसाठी अर्ज कसा करावा, याची माहिती जाळी करणाऱ्यांनीच गावाला आधी द्यावी. ‘नुकसान होणार नाही’ असे आश्वासन मात्र कोणीही देऊ नये.

दुसरी भीती बिबट्याची. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये याच जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे मृत्युमुखी पडली. त्या आठवणी ताज्या असताना गावाजवळ झुडपे वाढविण्याचा प्रस्ताव कोणी संशयाने पाहिला, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही. जुन्नर, अकोले भागातील अनुभव असा आहे की, शेतीच्या प्रदेशातील बिबट्या मुख्यतः उसाच्या आश्रयाने राहतो. तीस बाय पन्नास फुटांची जाळी उसाच्या फडाच्या मानाने किरकोळ आडोसा आहे. तरीही वस्ती, शाळेची वाट, पाणवठा आणि शौचास जाण्याच्या जागा यांपासून जाळ्या दूर ठेवाव्यात. हा निर्णय ग्रामसभेत, स्त्रियांच्या उपस्थितीत व्हावा, कारण पहाटे व सांजवेळी या वाटांवरून त्याच अधिक जातात.

बोर आपल्याकडची म्हणून ती सर्वत्र निरुपद्रवी आहे, असेही नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात माणसांनी नेलेली हीच बोर गुरांच्या पोटातून पसरत गेली आणि तेथील कुरणांत ती आज उपद्रवी तण म्हणून गणली जाते. आपल्याकडेही चराई, तोड आणि छाटणी पूर्ण थांबली तर बोर गवतात पुढे सरकू शकते. जाळीच्या कडा दर दोन-तीन वर्षांनी तपासून बाहेर आलेली रोपे उपटणे हा राखणीचाच भाग होय.

महाविद्यालयांचा सहभाग

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर बहुधा हिवाळ्यात होते, तर वृक्षारोपण पावसाळ्यात. त्यामुळे शिबिरार्थी आणि लागवड यांची गाठ क्वचितच पडते. बोरीच्या बाबतीत ही अडचण उरत नाही, कारण शिबिराच्या दिवसांतच बोरे पिकतात. मकरसंक्रांतीच्या सुगडात आणि लहान मुलांच्या बोरन्हाणात बोरे असतात, त्याच सुमारास आठळ्यांचा साठा सहज करता येतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायत पातळीवर स्थापन होणाऱ्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या नोंदवहीत गावातील जुन्या जाळ्यांची जागावार नोंद करणे, हे शिबिराचे दुसरे काम होऊ शकते. कोणत्या ओढ्याकाठी कोणाच्या बांधावर किती जुनी बोराटी आहे, हे गावातील गुराख्याइतके कोणालाच माहीत नसते. नोंदीची सुरुवात त्याच्यापासून करावी.

मोजणीसाठी महागडी साधने लागत नाहीत. सूर्योदयानंतरचा पहिला तास ठरावीक जागी उभे राहून तितराच्या हाका किती दिशांनी आल्या, हे टिपावे. जाळीखालच्या धुळीत पक्ष्यांनी केलेल्या धूळस्नानाच्या खळग्या मोजाव्यात. वाटेवरील विष्ठेत आठळ्या आहेत का, ते पाहावे. हीच नोंद जाळी नसलेल्या शेजारच्या तुकड्यातही करावी, अन्यथा तुलनेस आधार राहत नाही. पेरलेली बोर पहिल्या दोन वर्षांत गवताच्या वर डोके काढत नाही. तोवर झालेल्या नोंदी जाळीविना असलेल्या माळाच्या असतात, आणि पुढील सर्व मोजणीची तुलना त्यांच्याशीच होणार असते. म्हणून त्यांची सुरुवात पेरणीच्या आधीच्या हिवाळ्यात, आठळ्या वेचण्याच्या आठवड्यातच करावी लागते.